आपलंच पार्सल, पण हात लावायचा नाही!

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळचे साडेसहा, डोळ्यांत झोप आणि हातात स्कॅनर. समोर गोण्यांमधून ओतलेल्या पार्सलांचा ढीग. एकेक उचलायचं, बारकोडवर स्कॅनर धरायचा, ‘टूं’ आवाज आला की ज्या रूटचं असेल त्या रॅकमध्ये टाकायचं. दीड-दोनशे पार्सलं झाली असतील आणि एका करड्या प्लास्टिकच्या पाकिटावर चक्क माझंच नाव! हॉस्टेलचा पत्ता, खोली नंबर, सगळं बरोबर. चार दिवसांपूर्वी मागवलेला कुर्ता होता तो. भाऊबीजेला घालायचा म्हणून घेतलेला.

मी खुशीत ते पाकीट बाजूला, माझ्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलं. दहा सेकंदंही झाली नसतील, मागून इनचार्ज सरांचा आवाज आला, ‘‘ए, ते उचल तिथून. रॅकमध्ये टाक.’’

‘‘सर, माझंच आहे.’’

‘‘तुझं असेल. पण तुला मिळालंय का अजून? नाही ना? मग रॅकमध्ये.’’

टाकलं. माझा कुर्ता मी माझ्या हाताने चार नंबर रूटच्या रॅकमध्ये टाकला. साडेनऊला तो एका रायडरच्या बॅगेत बसून निघून गेला. साडेअकराला माझी शिफ्ट संपली आणि मी तशीच कॉलेजला पळाले. दुपारी दोनला लेक्चर चालू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला, तो मी अर्थातच कट केला. संध्याकाळी पार्सल हबला परत. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगातून पुन्हा माझ्याच हातात! पुन्हा रॅकमध्ये. त्या दुपारी मात्र वर्गाबाहेर जाऊन फोन घेतला, ओटीपी सांगितला आणि कुर्ता हॉस्टेलच्या वॉचमनकाकांकडे पोहोचला. ‘‘किती मागवता गं पोरी तुम्ही,’’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकून मी तो एकदाचा ताब्यात घेतला.

रूममेट्सना हे सांगितलं तेव्हा त्या जाम हसल्या. मीपण हसले. पण त्याच दीड महिन्यात, त्याच हबमध्ये, ह्याच नियमापायी आणखी दोघांचं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्या दोघांमुळे हा लेख लिहायला घेतला.

आधी हब म्हणजे काय ते सांगते, कारण आपण सगळे ॲपवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसलं की गच्चीवरून खाली बघत बसतो, पण त्या तीन शब्दांच्या मागे काय चालतं हे मलाही तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. हडपसरच्या पुढे, मांजरीच्या बाजूला पत्र्याचं एक मोठं शेड. कंपनीचं नाव देत नाही, माझे मित्र अजून तिथे काम करतात. पहाटे पाचच्या सुमारास मोठ्या सॉर्टिंग सेंटरहून टेम्पो येतो. गोण्यांची सील तोडायची, मग आमचं इनस्कॅन सुरू. त्या क्षणापासून पार्सल ‘हबच्या नावावर’ चढतं. मग रूटप्रमाणे रॅक. मग प्रत्येक रायडर आपल्या रॅकमधली पार्सलं स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करतो, ती त्याच्या रनशीटवर येतात, म्हणजे आता ‘त्याच्या नावावर’. शेवटी तुमच्या दारात ओटीपी टाकला की तुमच्या नावावर. पार्सल कायम कोणाच्या ना कोणाच्या नावावर असतं. मधल्या कोणत्याही टप्प्यावर ते हरवलं, तर ज्याच्या नावावर होतं त्याच्या पैशांतून कापतात. तुटपुंज्या कमाईतून कोणाचा तरी मोबाइल भरून देणं काय असतं, हे त्या शेडमध्ये प्रत्येकाला माहीत होतं.

आणि दुसरी गोष्ट. जो माणूस दिवसभर इतरांची पार्सलं पोहोचवतो, तोही पार्सल मागवतो. सेलमध्ये मिक्सर त्यालाही स्वस्त पडतो. नीती आयोगाच्या जून २०२२च्या अहवालात देशातल्या गिग कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली होती आणि २०२९-३०पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज होता. ह्यात टॅक्सीवाले, जेवण पोहोचवणारे, सगळेच आले, पण ह्या एवढ्या मोठ्या गर्दीलासुद्धा घर आहे, त्या घराला पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर कोणीतरी डिलिव्हरी घेऊन येणार आहे, हे आपल्या कधी लक्षात येतं? माझ्या तरी नव्हतं आलं.

आता पहिला मुलगा. वीस वर्षांचा, डिप्लोमा करणारा, माझ्यासारखाच सीझनपुरता लागलेला. त्याने इअरफोन मागवले होते. पैसे आधीच भरलेले. शुक्रवारी सकाळी पार्सल हबमध्ये आलं, पण लोड इतका होता की त्याच्या घराच्या रूटवरची निम्मी पार्सलं शनिवारवर ढकलली गेली. ह्याला शुक्रवारी दुपारच्या एसटीने गावी जायचं होतं. त्याने काय केलं, तर रॅकमधून स्वतःचं पार्सल उचललं आणि सॅकमध्ये टाकलं. लपूनछपून नाही. आम्ही तिघं-चौघं तिथेच होतो. उलट शेजारच्या रायडरला म्हणाला, ‘‘ओटीपी तुला मेसेज करून ठेवतो, उद्या माझं पार्सल रनशीटवर घे आणि डिलिव्हर्ड मारून टाक.’’ तो रायडर हो म्हणाला आणि विसरला. खरं तर लक्षात राहिलं असतं तरी काही झालं नसतं, कारण आमच्या ॲपमध्ये पार्सल स्कॅन केल्याशिवाय रनशीटवर येतच नव्हतं आणि पार्सल तर एसटीत बसून गावी गेलेलं!

शनिवारी रात्रीच्या मोजणीत एक पार्सल कमी. रविवारी कॅमेरा बघितला. सोमवारी पोरगा इअरफोन कानात घालूनच आला आणि गेटवर त्याचं आयडी चालेना. कंत्राटदाराने सांगितलं, ‘‘चोरीची केस आहे, पोलिसांत देत नाही हे उपकार समज.’’ त्याने मोबाइलवर ऑर्डर दाखवली, पैसे भरल्याचा मेसेज दाखवला, ओटीपी दाखवला. कोणी बघितलं नाही. शेवटच्या आठवड्याच्या पैशांसाठी तो पुढे महिनाभर चकरा मारत होता.

मी तेव्हा इनचार्ज सरांवर जाम वैतागले होते. स्वतःची वस्तू स्वतः घेतली तर चोरी कशी? लॉजिकच नाही ह्याला! चहाच्या टपरीवर त्यांना तसं विचारलंही. त्यांनी शांतपणे कटिंग संपवला आणि मला एक गणित घातलं.

‘‘समज, त्याने पार्सल नेलं. सिस्टीममध्ये ते अजून हबमध्येच आहे. आता तो घरी बसून कंपनीला तक्रार करतो, मला पार्सल मिळालंच नाही. कंपनी बघते, खरंच डिलिव्हर्ड दिसत नाही. पैसे परत. आता वस्तूपण त्याच्याकडे, पैसेपण त्याच्याकडे. आणि पार्सल कोणाच्या नावावर? माझ्या.’’

मी म्हटलं, तो तसा नाहीये.

‘‘तो नसेल. पण माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत आणि दर महिन्याला त्यातली वीस बदलतात. कोण कसा ते मी कशावरून ओळखू? स्कॅनवरूनच ना?’’

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. सर आणखीही बरंच बोलले. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल ‘माझंच आहे, पैसे उद्या देतो’ म्हणून नेणारे, बॉक्स उघडून आतली वस्तू बदलणारे आणि मग परत पाठवणारे, एकाच नावाची दोन माणसं असताना दुसऱ्याचं उचलणारे. हे सगळं त्यांनी पाहिलेलं. त्यामुळे ‘हात लावायचा नाही’ हा नियम मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. तो गरजेचा आहे. माझा कुर्ता त्यांनी रॅकमध्ये टाकायला लावला ते बरोबरच होतं.

पण तो पोरगा चोर होता का? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आम्हाला मास कॉमला मीडिया लॉचा पेपर आहे. बदनामीचं कलम शोधताना मी चुकून चोरीच्या कलमावर जाऊन पोहोचले. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं कलम ३७८ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३. ह्या कलमाखाली उदाहरणं दिलेली आहेत, १८६०च्या मूळ संहितेपासून चालत आलेली, आणि त्यातली तीन उदाहरणं घड्याळाची आहेत. वाचताना वाटलं, अरे, हे तर आमच्या हबबद्दलच लिहिलंय!

पहिल्या उदाहरणात एक माणूस आपलं घड्याळ दुरुस्तीला देतो. दुकानदाराचं त्याच्याकडे काही देणं नाही. माणूस उघडपणे दुकानात शिरतो आणि जबरदस्तीने स्वतःचं घड्याळ दुकानदाराच्या हातातून काढून घेऊन जातो. कायदा म्हणतो, दुसरा एखादा गुन्हा झाला असेल, घुसखोरीचा किंवा हल्ल्याचा, पण ही चोरी नाही. कारण मनात लबाडी नाही. दुसऱ्या उदाहरणात दुरुस्तीचे पैसे द्यायचे बाकी आहेत आणि दुकानदाराने त्यासाठी घड्याळ ठेवून घेतलंय. तिसऱ्यात घड्याळ गहाण टाकलंय आणि कर्ज फेडलेलं नाही. ह्या दोन्ही वेळा मालकाने स्वतःचंच घड्याळ गुपचूप पळवलं, तर ती चोरी! वस्तू स्वतःची असूनसुद्धा.

म्हणजे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच हे मान्य केलंय की स्वतःच्या वस्तूचीही चोरी होऊ शकते. सरांचा मुद्दा इथे बरोबर. पैसे न भरलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल उचलणं हे गहाण घड्याळ उचलण्याच्या बरंच जवळ जातं. पण कायदा तिथे थांबत नाही. तो पुढे विचारतो, पैसे दिले होते का? उघडपणे नेलं का? हेतू काय होता? आमच्या हबच्या गेटवर ह्यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. नियम मोडला हे खरं, त्यासाठी दम द्या, एक दिवसाचे पैसे कापा. चोर कशाला ठरवता?

(मी वकील नाही, सेकंड क्लासवाली विद्यार्थिनी आहे. पण उदाहरणं तुम्हीही वाचून बघा, बदनामीच्या कलमापेक्षा इंटरेस्टिंग आहेत.)

आता काका. नियम मोडणाऱ्याचं काय झालं ते सांगितलं, काकांनी तो पाळला.

काका आमच्या हबमधले सगळ्यात जुने रायडर. पंचेचाळिशीचे. आधी एका कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर इकडे आले. रोज ऐंशी-नव्वद पार्सलं, मगरपट्ट्याच्या बाजूच्या मोठमोठ्या टॉवर्समध्ये. त्यांची मुलगी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला. तिची हॉस्पिटलमधली ड्युटी सोमवारपासून सुरू होणार होती आणि त्यासाठी पांढरे बूट लागतात. त्याशिवाय वॉर्डात उभं करत नाहीत. काकांनी बूट ऑनलाइन मागवले, साडेसातशे रुपयांचे, पैसे आधीच भरून. पत्ता घरचा, फुरसुंगीचा.

पार्सल बुधवारी आमच्या हबला आलं. मीच स्कॅन केलं. काकांना दाखवलं तर म्हणाले, ‘‘आलं होय? बरं झालं.’’ हातसुद्धा लावला नाही. त्या पोराचं ताजंच होतं ना सगळं.

काका राहतात तो भाग काकांच्या रूटवर नाही. त्या रूटचा नेहमीचा रायडर काकांच्या ओळखीचा, तो असता तर त्याने घरापाशी जाऊन फोनवर ओटीपी घेतला असता आणि संध्याकाळी बूट काकांच्या हातात दिले असते. पण तो सुट्टी टाकून लातूरला गेलेला. त्याच्या जागी बदली रायडर, पहिलाच आठवडा. पत्त्यात लिहिलेलं, ‘मारुती मंदिराच्या मागे, बोळातलं तिसरं घर’. पुण्याच्या आसपास वाढलेल्या वस्त्यांमध्ये मारुती मंदिरं किती असतील ते तुम्हीच मोजा. पिनकोड बरोबर होता, पण पिनकोड पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो, बोळापर्यंत नाही. (पिनकोडवरून आठवलं, १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेल्या ह्या सहा आकड्यांमागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी माणसाचं. संस्कृतचे मोठे पंडित आणि पोस्टातले अधिकारी.)

बुधवारी बदली रायडरने फोन केला तेव्हा काका बाविसाव्या मजल्यावर जाणाऱ्या लिफ्टमध्ये होते. रेंज नाही. बायको धुण्याभांड्यांच्या कामावर, मुलगी कॉलेजला, घराला कुलूप. शेरा पडला, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. कुठून असणार उपलब्ध? ग्राहक दुसऱ्या ग्राहकाच्या दारात उभा होता, त्याच कंपनीचा टी-शर्ट घालून!

गुरुवारी सकाळी पार्सल परत माझ्या ढिगात. काका सरांकडे गेले. आमच्या हबला बाहेरच्या बाजूने एक खिडकी आहे. ज्या ग्राहकांना घाई असते ते तिथे येतात, ओळखपत्र दाखवतात, ओटीपी सांगतात आणि पार्सल घेऊन जातात. वेळ अकरा ते चार. काका म्हणाले, ‘‘सर, खिडकीतून मला द्या. ओटीपी देतो, सही करतो.’’ सर म्हणाले, ‘‘खिडकी कस्टमरसाठी आहे. स्टाफचं पार्सल रूटनेच जाणार, वरून ऑर्डर आहे.’’ आणि समजा दिलं असतं तरी, अकरा ते चार काका कुठे असतात? रस्त्यावर.

इथे मला खरी चीड आली. कोणताही अनोळखी माणूस त्या खिडकीत येऊन आपलं पार्सल नेऊ शकतो. ज्याला कंपनी रोज नव्वद लोकांच्या वस्तू, हजारोंची कॅश देऊन शहरभर पाठवते, तोच एक माणूस नेऊ शकत नाही! त्याच्यावर लोकांच्या पार्सलांबाबत विश्वास आहे, स्वतःच्या पार्सलाबाबत नाही. सरांचं गणित इथे लागूच पडत नाही, कारण काका ओटीपी देऊन, स्कॅन करून, सही करूनच मागत होते. लबाडीला जागाच नव्हती.

गुरुवारी पुन्हा तेच. मी बदली रायडरला सांगून बघितलं, तो म्हणाला, ‘‘ताई, पंच्याण्णव आहेत आज, मंदिर शोधत बसू का?’’ त्याचंही चूक नव्हतं. काकांनी ॲपवर तारीख बदलायचा प्रयत्न केला, तर सगळ्यात लवकरची तारीख मंगळवारची. सोमवारी ड्युटी. सीझनमध्ये सुट्ट्या बंद, त्यामुळे घरी थांबायचा प्रश्नच नाही. शुक्रवारी तिसरा प्रयत्न. ‘पत्ता सापडला नाही.’

तीन प्रयत्न झाले की पार्सल आरटीओला टाकतात, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत. शनिवारी सकाळी त्या बॉक्सवर परतीचं स्टिकर लावायचं काम माझ्याकडे आलं. मी लावलं. काका चार फुटांवर त्यांच्या रॅकमधली पार्सलं बॅगेत भरत होते. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि गाडीला किक मारली. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. स्टिकर लावायला नकार द्यायला हवा होता, असं आता वाटतं. नकार दिला असता तर दुसऱ्या कोणीतरी लावलं असतं हेही माहितेय. तरी.

पोरीने सोमवारी मैत्रिणीचे बूट घातले, एक नंबर लहान. आठ तास वॉर्डात उभं राहून टाचा सोलल्या. पैसे परत आले सात-आठ दिवसांनी, तोवर काकांनी दुकानातून नऊशेचे बूट आणले होते. बघायला गेलं तर नुकसान दीडशे रुपयांचं. कोणाला सांगायला जावं इतकंही मोठं नाही. म्हणूनच तर कोणी सांगत नाही.

कामगारांकडे संशयाने बघायची ही सवय फक्त आपल्याकडची नाही. आमच्या हबमधून बाहेर पडताना झडती व्हायची, टिफिन उघडून दाखवायचा, मोबाइल रजिस्टरमध्ये नोंदवलेला असायचा. दहा-पंधरा मिनिटं सहज जायची, बिनपगारी. अमेरिकेत नेवाडातल्या ॲमेझॉनच्या गोदामांतल्या कामगारांनी ह्यावरून केस केली होती. एका कंत्राटी कंपनीमार्फत ते तिथे काम करत. शिफ्ट संपल्यावर झडतीच्या रांगेत रोज सुमारे २५ मिनिटं जातात, त्याचे पैसे द्या, असं त्यांचं म्हणणं. ९ डिसेंबर २०१४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, झडती हा कामाचा भाग नाही, त्याचे पैसे देणं कायद्याने बंधनकारक नाही. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०मध्ये ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ह्यांची व्याख्या आली, त्यांच्यासाठी कल्याण निधीची तरतूद आली. चांगलंच आहे. पण खिडकीतून पार्सल मिळणं कुठल्या संहितेत बसवणार? ते हबमध्येच सुटायला हवं.

आणि ते सुटण्यासारखं आहे. मी काही फार मोठं मागत नाहीये. संध्याकाळी रायडर परत येतात, उरलेली पार्सलं जमा करतात, कॅशचा हिशोब देतात. त्या वेळी खिडकी फक्त अर्धा तास स्टाफसाठी उघडा. ज्याचं पार्सल, त्याने स्वतः स्कॅन करायचं नाही, दुसऱ्याने करायचं. ओटीपी, सही, कॅमेऱ्यासमोर. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पैसे आधी. बॉक्स हबमध्ये उघडायचा नाही. गेटवरच्या वॉचमनला ‘डिलिव्हर्ड’ची पावती दाखवायची की झडतीचाही प्रश्न मिटला. सगळं तेच, जे अनोळखी ग्राहकासाठी आत्ताही करता. पोस्टात जुन्या काळापासून पोस्ट बॉक्स भाड्याने घेऊन आपली टपाल आपण जाऊन आणायची सोय आहे, त्याने पोस्ट काही बुडालं नाही.

सरांना हे मी जॉब सोडताना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘एकाला दिलं की साठ जण हबचाच पत्ता टाकतील. मग मी धंदा करू का ह्यांचा संसार सांभाळू?’’ मला वाटतं, टाकू देत. साठ जणांची मिळून दिवसाला पाच-सहा पार्सलं होतील, एक कप्पा पुरेल. वर तीन-तीन वेळा त्या बोळात रायडर पाठवायचा खर्च वाचेल, तो वेगळाच. काकांच्या बुटांसाठी कंपनीने तीन फेऱ्या मारल्या, परत पाठवायचा खर्च केला आणि शेवटी विक्रीसुद्धा गेली. एवढं सगळं कशासाठी, तर चार फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला बॉक्स द्यायचा नाही म्हणून. सर हसले, म्हणाले, ‘‘तू पत्रकार हो, तेच बरं.’’

तर झालेय, निदान इंटर्न तरी. हा लेख लिहायचा म्हणून मागच्या आठवड्यात काकांना फोन केला. म्हटलं, अजून तसंच आहे का? ‘‘तसंच आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण आपलं जमलंय आता. बघायचंय? ये गुरुवारी.’’

गुरुवारी दुपारी मी त्यांच्या गाडीवर मागे बसून गेले, पार्सलांची बॅग मांडीवर. त्यांच्या रूटवरच्या एका सोसायटीत तळमजल्यावर एक आजी राहतात, एकट्याच. काका गेली दोन वर्षं त्यांची औषधं, किराणा, नातवाने पाठवलेले खाऊचे डबे आणून देतात. काकांनी बेल वाजवली. बॅगेतून एक बॉक्स काढला. वर नाव काकांचं, खाली पत्ता आजींच्या घराचा. म्हणजे पार्सल आता काकांच्याच रूटवर येतं, त्यांच्याच रॅकमध्ये पडतं, त्यांच्याच रनशीटवर चढतं. नियम एकही मोडत नाही.

आजींनी दार उघडलं. काकांनी बॉक्स त्यांच्या हातात दिला. मग खिशातून स्वतःचा दुसरा मोबाइल काढून त्यावर आलेला ओटीपी वाचला आणि कंपनीच्या ॲपमध्ये टाकला. ‘डिलिव्हर्ड.’ आजींनी बॉक्स उलटासुलटा करून बघितला, म्हणाल्या, ‘‘ह्या वेळी काय मागवलंस रे?’’

‘‘स्टेथोस्कोप आहे आजी, पोरीसाठी.’’

‘‘अगं बाई. मग आधी माझी छाती तपासायला पाठव तिला,’’ असं म्हणून त्यांनी बॉक्स परत काकांच्या हातात दिला आणि पाणी आणायला आत गेल्या. काकांनी तो डिकीत ठेवला, कुलूप लावलं आणि रनशीटवर पुढचा पत्ता बघितला.